मामाची खुर्ची

चार वाजता मुलाकडची मंडळी मागणी घालायला येणार होती, आणि अकरा वाजले तरी घरात खुर्च्यांचा वाद मिटला नव्हता. पुरुषांच्या बैठकीत मुलीच्या बाजूची पहिली खुर्ची थोरल्या काकांची, म्हणजे अबू मुतलकांची. दुसरी बापाची, म्हणजे नायेफची. तिसरी मुलीच्या मामाची. पहिल्या दोन खुर्च्यांबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. घोडं अडलं होतं ते तिसरीपाशी, कारण मुलीचा, म्हणजे जुमानाचा, एकुलता एक मामा तिकडे मिनेसोटात गुडघ्याचं ऑपरेशन करून पडला होता.

“मामाची खुर्ची रिकामी राहता कामा नये,” हाज्जा फिद्दा म्हणाल्या. जुमानाची आई लॉर्ना, तिच्या या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या, उंचीने जेमतेम पाच फूट, पण अम्मानजवळच्या सल्त गावातल्या या घरात त्यांच्या शब्दाबाहेर मांजरसुद्धा जात नसे. “रिकामी खुर्ची दिसली की लोक म्हणणार, पोरीची आई काय वाटेवर सापडली होती?”

“मग खुर्चीच काढून टाकू,” इनआम म्हणाली. ही नायेफची धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि घरी येऊन सगळ्यांना अक्कल शिकवायची.

“खुर्ची काढली तर म्हणणार, मामाशी भांडण आहे.” हाज्जांनी द्राक्षाच्या पानात भात भरून त्याची बोटाएवढी वळकटी केली आणि पातेल्यात ठेवली. मग टेबलाच्या पलीकडे हनुवटी उडवली. “त्या खुर्चीत ही बसेल.”

ही म्हणजे आर्डिस हाल्वरसन. लॉर्नाची आई. एक्क्याऐंशी वर्षांपैकी सगळी वर्षं मिनेसोटातल्या गोठ्यात आणि शेजारच्या चर्चात काढून ती दहा दिवसांपूर्वी पहिल्यांदा देशाबाहेर पडली होती. आता ती मान खाली घालून पानं वळत होती. तिच्या वळकट्या अंगठ्याएवढ्या जाड होत. ती एक ठेवी, हाज्जा ती मुकाट्याने उचलत, उकलत, पुन्हा बारीक वळून ठेवत. आर्डिसला ते दिसत होतं. तरी ती वळायची थांबत नव्हती.

“आईला? पुरुषांच्या बैठकीत?” लॉर्नाने विचारलं.

“का? ऐंशीनंतर कसली बाई नि कसला बुवा. जन्म दिलाय तिने तुझ्या भावाला, त्याच्या खुर्चीत बसायला काय कुणाची परवानगी हवी? विचार तिला.”

लॉर्नाने विचारलं. आर्डिसने हातातली वळकटी पुरी केली.

“तिथे मला काही करावं लागेल का?”

“काही नाही. नुसतं बसायचं.”

“बसायला येतं मला,” आर्डिस म्हणाली.

खुर्चीचा प्रश्न सुटला. लॉर्नाची काळजी मात्र तिथेच होती, आणि तिचा खुर्चीशी काही संबंध नव्हता. मुलगा चांगला होता. कुसय त्याचं नाव, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यातला इंजिनिअर. पोरीचं त्याच्यावर मन होतं, घराणं तोलामोलाचं होतं, आणि त्याला नोकरी मिळाली होती चिलीत. इनआमने भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावून सांगितलं होतं की सल्तपासून याहून लांब जायचं तर माणसाने पृथ्वी सोडावी.

लॉर्नाने त्यावर एक तोड काढली होती. मागणी ऐकल्यावर अबू मुतलक सगळ्यांसमक्ष म्हणणार होते: मुलगी दिली, पण पहिली दोन वर्षं दोघांनी इथे सल्तमध्ये राहायचं. चिलीची नोकरी सप्टेंबरात सुरू होत होती. दोन वर्षं थांबायचं म्हणजे ती गेलीच. हे नायेफला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, हाज्जांनी मान डोलावली होती आणि इनआमने नाक मुरडलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जुमानाला.

“अजून सांगतो,” नायेफने तिला बोळात गाठून म्हटलं. त्याच्या हातात इस्त्रीचा सदरा होता. “तिला आधी सांग.”

“सांगितलं तर ती नाही म्हणेल.”

“मग?”

“चारचौघांत काका बोलले की तिला मोडता घालता येणार नाही. मोठ्यांचा शब्द.”

नायेफ तिच्याकडे पाहतच राहिला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हीच मुलगी, मोठ्यांनी शब्द कसला द्यायचा, लग्न माझं आहे, असं त्याच्या बापाला तोंडावर म्हणाली होती. “हे तू आमच्याकडूनच शिकलीस म्हणायचं,” तो म्हणाला. “चांगलं तेवढं घ्यायचं होतंस.”

“तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“मी औषधांच्या दुकानात बसतो, लॉर्ना. दोन्ही बाजूंना गोळ्या देतो.” आणि सदरा खांद्यावर टाकून तो गेला.

लॉर्ना एका वर्षासाठी म्हणून आली होती. अम्मानच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं, मग परत जाऊन वडिलांच्या गाई सांभाळायच्या, असा तो बेत. मग दातदुखीची गोळी घ्यायला ती नायेफच्या दुकानात शिरली आणि बेताचे बारा वाजले. घरी तिने कळवलं ते लग्न झाल्यावर, पोस्टातल्या फोनवरून. त्यानंतर दर एक उन्हाळ्याआड ती मिनेसोटाला जात होती, आधी एकटी, मग जुमानाला घेऊन.

त्या फेऱ्यांचे किस्से इनआमला तोंडपाठ होते. बसमध्ये लॉर्नाने सवयीने शेजारच्या माणसाला आपलं अर्धं सँडविच पुढे केलं, तर तो पुढच्याच थांब्यावर उतरून गेला. बँकेत कारकुनाच्या आईची प्रकृती विचारली, तर त्याने साहेबाला बोलावून आणलं. इकडे सल्तमध्ये पहिल्या वर्षी तिला सात वाजता जेवायला बोलावलं, ती सातला पोचली, तेव्हा यजमानीण न्हाणीघरात होती. सल्तच्या बायका विचारायच्या, घरी कधी जाणार. मिनेसोटातल्या बायका विचारायच्या, घरी कधी जाणार. ती दोन्हीकडे तारीख सांगायची.

आणि तरी आर्डिस आली त्या पहिल्याच दुपारी एक गंमत झाली होती. हाज्जांनी मटण-भाताचं ताट पुढे केलं. आर्डिस म्हणाली, नको. हाज्जांनी पुन्हा आग्रह केला. ती म्हणाली, खरंच नको. तिसऱ्यांदा ताट आलं तेव्हा म्हणाली, बरं, अगदी थोडं, आणि चांगलं पोटभर जेवली. मिनेसोटाची रीतच ती, तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही. हाज्जांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. “ही तर आपलीच आहे,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं तू मला सांगत होतीस की अमेरिकन लोक एकदा नको म्हटलं की ताट उचलतात.”

“शहरातले,” लॉर्ना कसंबसं म्हणाली.

तेव्हापासून दोघी म्हाताऱ्या सकाळ-दुपार स्वयंपाकघरात मांडीला मांडी लावून बसत. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं. अधूनमधून इनआम दुभाषी म्हणून बसायची. काय बोलता म्हणून लॉर्नाने विचारलं, तर हाज्जा म्हणायच्या, सांधेदुखी.

चार म्हणजे पावणेपाच. चाळीस पुरुष दगडी पायऱ्या चढून धापा टाकत वर आले, खाकरले, बसले. बायका आतल्या खोलीत. मधलं दार बोटभर उघडं, आणि त्या फटीवर पहिला हक्क अर्थातच वधूच्या आईचा. लॉर्ना वाकून बघत होती, तिच्या डोक्यावर इनआमची हनुवटी होती. हाज्जा दारालगत खुर्ची घेऊन जपमाळ ओढत होत्या. जुमाना हिरव्या पोशाखात मागे उभी होती आणि दहाव्यांदा विचारत होती, “काय चाललंय?”

“अजून हवापाण्यावर आहेत,” इनआम म्हणाली.

आर्डिस तिसऱ्या खुर्चीत बसली होती. निळा रविवारचा झगा, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गायीचा लिलाव बघायला आल्यासारखी ती एकेकाला न्याहाळत होती.

अबू मुतलकांच्या थोरल्या मुलाने लांब चोचीच्या भांड्यातून वेलदोड्याची कडू कॉफी ओतली. मुलाकडचे म्होरके अबू शाहेर, पिकल्या मिशांचे, आवाज घडवंचीवर ठेवल्यासारखा भारदस्त. त्यांनी कप घेतला आणि न पिता समोरच्या तिवईवर ठेवला. चाळीस कप खाली गेले.

“मागणी पुरी झाल्याशिवाय ही कॉफी आम्हाला वर्ज्य,” अबू शाहेर म्हणाले. मग त्यांनी कुसयचं नाव घेतलं, बापाचं, आजाचं, आणि अल्लाच्या नावाने जुमानाचा हात मागितला. थोडक्यात आटोपलं. शहाणा माणूस होता.

आता उत्तराची पाळी अबू मुतलकांची. त्यांचं बोलणं सगळ्या सल्तला ठाऊक होतं. एका मयताच्या बैठकीत ते बोलायला उभे राहिले तेव्हा दिवे गेले होते, आणि दिवे आले तेव्हाही ते बोलतच होते. आज त्यांनी पणजोबांपासून सुरुवात केली. पणजोबांच्या घोडीवर आले. घोडीवरून पाहुण्यांच्या पणजोबांवर आले. कपांवरची वाफ केव्हाच सरली होती. एका तरुणाने जांभई दाबली. आर्डिसची नजर अबू शाहेरांच्या कपावर खिळली होती.

“तुझी आई कॉफीकडे बघतेय,” इनआम कुजबुजली.

“तिला कॉफी गार झालेली बघवत नाही,” लॉर्ना म्हणाली. तिचं लक्ष काकांच्या ओठांवर होतं. आता घोडी मेली होती. आता येईलच.

“तेव्हा पोर आमची असली तरी तुमचीच आहे,” अबू मुतलक म्हणाले. “पण पोरीच्या आईची एक...”

दाराशी हाज्जा फिद्दांना मोठ्ठा खोकला आला.

आणि बैठकीत आर्डिस उठली.

तिने पर्स खुर्चीवर ठेवली. तीन पावलं चालून तिवईपाशी गेली, अबू शाहेरांचा कप उचलला आणि त्यातली गार कॉफी शेजारच्या कुंडीत ओतली. कॉफी वाढणाऱ्याच्या हातातून तिने भांडं घेतलं. तोही बिचारा काय करणार, एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईशी ओढाताण करणार? डाव्या हातात भांडं, उजव्या हातात कप. तळ झाकेल इतकीच कॉफी तिने ओतली आणि कप अबू शाहेरांसमोर धरला.

“घ्या,” ती म्हणाली. अरबीत. हा एक शब्द तिला येत होता.

अबू मुतलकांचं तोंड उघडंच होतं. अबू शाहेरांच्या मिशा थरथरल्या. बिचाऱ्यांची धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. कप घ्यावा तर मागणी मंजूर झाल्यासारखं, आणि मुलीकडचा शब्द तर अजून अर्धा तोंडात. न घ्यावा तर वधूच्या आजीने, तेही मामाच्या खुर्चीतून उठून, स्वतःच्या हाताने ओतलेली कॉफी चाळीस माणसांदेखत नाकारली, हे त्यांच्या सात पिढ्यांना पुरलं असतं. त्यांनी नायेफकडे पाहिलं. नायेफ छताकडे पाहत होता. त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेलेला लॉर्नाला फटीतूनही दिसला.

आर्डिसने हात खाली घेतला नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात किती वेळ तसा राहणार.

अबू शाहेरांनी कप घेतला आणि प्यायले. मनगट हलवून, बस, पुरे, अशी खूण करत कप परत दिला.

“अल्ला या घरात कायम बरकत ठेवो,” ते म्हणाले, आणि चाळीस कप एकदम वर गेले.

दाराशी हाज्जांनी जीभ फिरवून आनंदाची अशी काही लकेर मारली की आधीचा खोकला कुणाच्या ध्यानातच राहिला नाही. बायकांनी लकेरीवर लकेर चढवली. बाहेर पुरुष लग्न ठरल्याची प्रार्थना, फातिहा, म्हणायला लागले. अबू मुतलकांनी उघडलेलं तोंड त्याच कामी लावलं. इनआमने जुमानाला मिठी मारून गरागरा फिरवलं, कुणीतरी ढोलकीवर हात टाकला. जुमाना हसत होती, रडत होती, आणि मग तिने गर्दीच्या डोक्यांवरून आईकडे पाहिलं.

“आई, काका काय म्हणत होते? पोरीच्या आईची एक काय?”

लॉर्ना वळून मधलं दार लावू लागली.

“एक इच्छा,” हाज्जा मध्येच म्हणाल्या. “पाहुण्यांना कॉफी गरम मिळावी. दुसरं काय?” बायका खदखदून हसल्या आणि जुमानाला ओढत नाचायला घेऊन गेल्या.

मिठाईची परातच्या परात रिकामी झाली, पाहुणे उठले, आणि उठल्यावर दारात अर्धा तास बोलत उभे राहिले. आर्डिसला त्यात काहीच नवल वाटलं नाही. तिच्या गावीही निरोप घ्यायला एवढाच वेळ लागायचा. चाळीस जणांनी जाताना तिच्याकडे बघून छातीवर हात ठेवला. तिनेही प्रत्येकाला ठेवला. उन्हं अजून गच्चीवर होती, पोरीबाळी तिथे नाचत होत्या, आणि स्वयंपाकघरात आर्डिस बाह्या वर करून कप विसळायला लागली होती.

लॉर्नाने पुसायचं फडकं घेतलं. दोन कप पुसले. तिसरा पुसता पुसता म्हणाली, “आई, आपल्याकडे कप काठोकाठ भरतात.”

“हं.”

“काठापर्यंत नाही भरला तर तू म्हणतेस, दूध संपलंय की प्रेम संपलंय. इथे काठोकाठ भरणं म्हणजे, प्या आणि चालू लागा. तू तळ झाकेल इतकीच ओतलीस. उजव्या हाताने दिलीस.” तिचा आवाज चढला. “कुणी शिकवलं तुला?”

आर्डिसने मागे वळून पाहिलं. दारात हाज्जा फिद्दा उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे इनआम, जिचा चेहरा आजवर कधी इतका भोळा दिसला नव्हता.

“सांधेदुखी?” लॉर्नाने विचारलं.

“अगं, नऊ दिवस पाणी ओतून सराव केला,” इनआम म्हणाली. “तुझी आई पहिल्या दिवशी कप सांडवत होती. खोकला ऐकू आला नाही तर, म्हणून आम्हाला काळजी.”

“तुम्ही हो म्हणाला होतात मला,” लॉर्ना हाज्जांना म्हणाली. तिला खरोखर राग आला होता. “अट बरोबर आहे म्हणालात. मान डोलावलीत.”

“मी मान डोलावली. मानेला काय, वयाने ती आपोआपच डोलते.” हाज्जा खुर्चीवर बसल्या. मग त्यांचा सूर उतरला. “माझा लेक फव्वाझ ब्राझीलला निघाला तेव्हा मी अशीच अट घातली होती. आधी बहिणीचं लग्न, मग जा. चारचौघांत बोलले, त्याची जीभ बांधली. तो गेलाच. अट मोडून गेला. चौतीस वर्षं झाली. ईदला फोन करतो, तब्येत विचारतो, आणि ठेवतो. मी मोडलेल्या शब्दाची आई आहे, त्याला माझ्यासमोर उभं राहायला लाज वाटते. लाज माझी होती, ती त्याला दिली मी.”

इनआमने हे सगळं इंग्रजीत आर्डिसला सांगितलं. आर्डिसने आधीच ऐकलेलं असावं, कारण ती नुसती कप विसळत राहिली.

“आणि तू?” लॉर्नाने आईला विचारलं. “तुला काय पडलं होतं?”

“मला तू विचारलं नव्हतंस,” आर्डिस म्हणाली. “लग्न झाल्यावर सांगितलंस. मी फार दिवस चिडून होते. तुझे वडील गोठ्यात जाऊन रडायचे, मी माळ्यावर. मग माझ्या ध्यानात आलं, विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं. आणि तू गेलीच असतीस. मग माझं नाही बरोबर घेऊन गेली असतीस. ते घेऊन दर दुसऱ्या उन्हाळ्याला परत आली असतीस का?”

लॉर्नाने हातातला कप पुन्हा एकदा पुसला. तिने कप तिवईवर ठेवला.

“पोर जाणारच आहे,” आर्डिस म्हणाली. “तू परत येण्याचं बघ.”

त्याच वेळी जुमाना गच्चीवरून धापा टाकत आली. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. चौघींना गप्प बघून ती थबकली. ती काही दूधखुळी नव्हती, कॉफीची गोष्ट तिने गिळली नव्हती.

“काकांना काय बोलायचं होतं?” तिने विचारलं. “आता कुणी खोकू नका.”

हाज्जांनी जपमाळेत डोकं घातलं. इनआमने लॉर्नाकडे पाहिलं.

“मी अट घालायला सांगितली होती,” लॉर्ना म्हणाली. “दोन वर्षं इथे राहायचं. तुला न विचारता. लोकांसमोर, म्हणजे तुला नाही म्हणता येऊ नये.”

जुमानाचा चेहरा उतरला. “त्याची नोकरी गेली असती.”

“हो.”

“आणि मी तुला कधी माफ केलं नसतं.”

“ते मला माहीत नव्हतं. या दोघींना माहीत होतं.” लॉर्नाला हुंदका आला, तिने तो आवरला नाही. “चुकले मी. मला भीती वाटली गं. मी स्वतः गेले आहे ना, म्हणून ठाऊक आहे मला माणूस किती लांब जातं.”

जुमानाने एकदा दोन्ही आज्यांकडे पाहिलं. मग येऊन आईच्या गळ्यात पडली, घामासकट. “तिथे उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असतो,” ती म्हणाली. “डिसेंबरात सुट्टी. आम्ही डिसेंबरात येऊ. दर वर्षी. कुसय म्हणाला आहे.”

“दर वर्षी नको म्हणू. जमेल तेव्हा ये.” लॉर्नाने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “माझं एकच ऐक. ही अट नाही. तिकडून फोन करशील तेव्हा रडू आलं तर रड. मला बरं वाटावं म्हणून हसू नकोस. मी दर रविवारी आजीला फोन करायचे, आणि पोस्टातून बाहेर आल्यावर रडायचे. फोनवर नुसती हसायचे. पहिल्या हिवाळ्यात तर इथल्या कोणत्याच गोष्टीचं नाव मला येत नव्हतं, आणि मी हसत होते.”

“मला ठाऊक होतं,” आर्डिस म्हणाली.

लॉर्नाने वळून पाहिलं.

“तू खरं हसतेस तेव्हा तुझं नाक वाजतं,” आर्डिस म्हणाली. “लहानपणापासून. डुकराच्या पिल्लासारखं. फोनवर कधी वाजलं नाही. सात वर्षं मी दर रविवारी वाट बघायचे. मग एका रविवारी तुझ्यामागून कुणीतरी बाई तुला काहीतरी ओरडून सांगत होती, बहुतेक हीच...” तिने साबणाच्या हाताने हाज्जांकडे बोट केलं. “आणि तू तिला काहीतरी उलट बोललीस, आणि हसलीस. नाक वाजलं. मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन तुझ्या वडिलांना सांगितलं, आता रडू नका, लॉर्ना घरी पोचली.”